अकरा एकांचा आकडा

आबा, ओट्यावर येऊन तुमच्याशी बोलायचं आहे आणि मला तुमच्याशी बोलायची सवय नाही, म्हणून आधी लिहून पाहते. या घरात सून होऊन आले त्याला बरीच वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तुम्ही मला कधी हाक मारली नाहीत आणि मी तुम्हाला कधी ओ दिली नाही. सासऱ्यासमोर सुनेनं यायचं नाही, यावंच लागलं तर पदर नाकाच्या खाली, आणि आवाज तर कानावर पडूच द्यायचा नाही, ही आपल्याकडची रीत. घरात शिरताना तुम्ही उंबऱ्याशी खोकायचात, मी भिंतीकडे सरकायचे. तुमचे पाय मी ओळखते, खोकला ओळखते, वाळूत काढलेले तुमचे आकडे तर झोपेतसुद्धा ओळखीन. तोंड मात्र नीट पाहिलं ते तुम्ही शेवटचं अंथरूण धरलंत तेव्हा. नाक अगदी तुमच्या चिरंजिवांसारखं, आमच्या ह्यांच्यासारखं आहे, हे मला तेव्हा कळलं.

आज ओट्यावर माणसं बसली आहेत. तेरावं होऊन गेलं तरी भेटायला येणारे थांबत नाहीत. आज शहाद्याकडचे पाहुणे आहेत, चिरंजीव त्यांच्यात बसले आहेत. तुमची जागा, ती खांबाजवळची घोंगडी, तेवढी रिकामी ठेवली आहे. त्या घोंगडीसमोर उभी राहून मी बोलले तर प्रकाशा गावात पुढचा महिनाभर दुसरा विषय निघणार नाही. न निघू दे. जायचं हे ठरलेलं आहे. आपल्यात तशी अटच होती आणि ती तुम्हीच घातली होती.

आकडा तुम्हाला सापडला तो देवळात. मी तेव्हा या घरात नव्हते, सासूबाईंनी, जिजींनी, मला सांगितलं. महाशिवरात्रीला रुद्राची अकरा आवर्तनं व्हायची आणि मोजायचं काम तुमच्याकडे असायचं. एक आवर्तन संपलं की फरशीवर चुन्याची एक उभी रेघ. अकरावी रेघ ओढून तुम्ही मागे सरलात आणि तुम्हाला तिथे रेघा दिसल्याच नाहीत. तुम्हाला दिसले ओळीनं लिहिलेले अकरा एक. अकरा अब्ज, अकरा कोटी, अकरा लाख, अकरा हजार, एकशे अकरा. बाकीचे तीर्थप्रसाद घेत होते आणि तुम्ही फरशीवर बसून त्या आकड्याला सातानं भाग देत होतात. तळोद्याच्या शाळेतली मास्तरकी सोडून शेतीवर आलात, पण शाळा काही तुम्हाला सोडायला तयार नव्हती. घरी येऊन तुम्ही जाहीर केलंत की हा आकडा कशानंही तुटणार नाही. एकानं आणि स्वतःनं भाग जाईल, तिसऱ्या कुणाची छाती नाही.

मी आले त्या वर्षीची गोष्ट. मी आत भाकरी थापत होते आणि बाहेर तुम्ही चिरंजिवांना समजावत होतात. दोन संख्यांच्या गुणाकारातून हा आकडा होत असेल तर त्यातली धाकटी संख्या त्याच्या वर्गमूळाच्या आतच असणार, म्हणून तिथवर शोधायचं, पुढे नाही. इथपर्यंत सगळं बरोबर होतं. मग वर्गमूळ काढायला तुम्ही आकड्याच्या जोड्या पाडल्यात, आणि पाडल्यात त्या तोंडानं म्हणतो तशा, डावीकडून. अकरा, अकरा, अकरा, अकरा, अकरा. शेवटी एक एकटा उरला, तो दिलात सोडून.

"तेहतीस हजारलगून पाही लिधं का बस," तुम्ही म्हणालात.

माझ्या हातातली भाकरी तव्यावर पडायची राहिली. नंदुरबारच्या मुलींच्या शाळेत हीच चूक केली म्हणून बाईंनी माझ्या बोटांवर पट्टी मारली होती. जोड्या उजवीकडूनच पाडायच्या, मग डावीकडे एकटा एक उरला तर उरू दे. गप्प बसायला हवं होतं. नवी सून, त्यात आईनं निघताना बजावलेलं की तिकडे शहाणपण दाखवू नकोस. पण चुकीचं गणित ऐकून गप्प बसणं माझ्या जिवावर येतं.

"जिजी," मी हळूच म्हटलं, "जोड्या उजवीकडथून पाडतस म्हना. लाखना वर जाई ते."

जिजींना त्यातलं ओ की ठो कळलं नाही, पण निरोप त्यांनी जसाच्या तसा नेला. मग तुमचा आवाज आला, "कोन म्हनं?"

"वहू."

तुम्ही बराच वेळ खोकलात. खोकल्याचं ते काही कारण नव्हतं. मग म्हणालात, "तिले सांग, बरोबर शे. एक लाख पाच हजार चारशे नऊ."

या घरात माझ्याशी गणिताचं बोलणारं कुणी भेटेल असं मला वाटलं नव्हतं. त्या दिवशी भाकऱ्या जरा करपल्या आणि कुणी काही बोललं नाही.

त्यानंतर आपला वाद सुरू झाला तो आजवर चालूच आहे. माझं म्हणणं, आकडा तुटणार. तीन एक लिहिले तर ते सदतीसानं तुटतात, पाच एक एक्केचाळीसानं, सात एक दोनशे एकोणचाळीसानं. मग अकरांनाच काय सोनं लागलंय? मी हे असंच्या असं जिजींना सांगितलं. जिजी माझं बोलणं गाळून नेत. बाहेर जाऊन त्यांनी सांगितलं, वहूला वाटतं की तुटेलसुद्धा. तुम्ही लगेच ओळखलंत.

"तिनी आसं नही म्हनं. खरं काय म्हनी ते सांग."

मग जिजींना सोनं सांगावं लागलं. तुम्ही हसलात, मी दाराआडून ऐकलं. आणि उत्तर पाठवलंत की दोन एक लिहिले तर अकरा होतात, ते कुठे तुटतात ते वहूनं दाखवावं. दोन एक तुटत नाहीत, तसे अकरा एकही तुटणार नाहीत. दोन दिवस मी मुकाट्यानं कामं केली आणि जिजींना वाटलं मला ताप आला आहे.

अट घातलीत ती त्याच सुमाराला. जिजी दारात उभ्या, तुम्ही ओट्यावर, मी आत. "तिले सांग, ज्या दिन हाऊ आकडा तुटी, त्या दिन तिनी अठे यीसन मले स्वताना तोंडवरी सांगानं. मी तोंड फिरावनार नही." जिजी आत आल्या तेव्हा निरोप सांगायच्या आधी त्यांनी मला नीट पाहून घेतलं. सासऱ्यानं सुनेला ओट्यावर यायला सांगणं त्यांनी जन्मात ऐकलं नव्हतं. मी कबूल म्हणून मान हलवली. तोंडानं सांगायला जाईन ते खरंच सांगायला, आधी नाही, अशी खूणगाठ मी त्याच दिवशी मनाशी बांधली.

बिचाऱ्या जिजी. त्यांना शंभराच्या पुढचं मोजता येत नाही असं नाही, पण त्या मोजतात विसांनी. तीनशे त्रेपन्नला त्या सतरा विसा न् तेरा म्हणतात. अंगण ओलांडताना सतरा विसा न् तेरा, सतरा विसा न् तेरा असं पुटपुटत जायच्या आणि मध्ये कुणी ताक मागितलं की तेरा सांडायचे. मग परत आत, परत माझ्याकडून. "तुमना दोन्हीसना मझार मन्हं डोकं फुटी जाई," असं म्हणायच्या, पण एक निरोप कधी टाकला नाही. आकडे वाढत गेले तेव्हा मात्र त्यांनी हात टेकले.

"हजारना वर मी नेस नही," त्यांनी आपल्या दोघांनाही सांगून टाकलं. "वझं व्हस."

तोपर्यंत तुमची युक्ती निघाली होती. तुम्ही तीन, पाच, सात एकांचे तुकडे पाहिलेत आणि तुमच्या ध्यानात आलं की एकशे अकराचा दुसरा तुकडा तीन, तो एक अपवाद सोडला तर प्रत्येक तुकड्यातून एक वजा केला की जितके एक, तितक्यांनी भाग जातो. सदतीसातून एक गेला, छत्तीस, त्याला तीनानं भाग जातो. एक्केचाळीसातून एक गेला, चाळीस, त्याला पाचानं. मग अकरा एकांचा तुकडा असलाच तर त्यातून एक वजा केल्यावर अकरानं भाग जायला हवा, आणि तो तुकडा विषम म्हणून बावीसानंही. म्हणजे तेवीस, सदुसष्ट, एकोणनव्वद, एकशे नव्याण्णव, अशाच, आणि त्यातही स्वतः न तुटणाऱ्या, संख्या तपासायच्या. बाकीच्या हजारो सोडून द्यायच्या. केवढं काम वाचलं.

पण तीन-चार ठिकाणी जमलं म्हणून अकराला जमेलच कशावरून, असं मी विचारलं. तुम्ही चिडलात. त्या दिवशी तुम्ही जेवताना मीठ मागितलं नाहीत, म्हणजे फारच चिडला होतात. मी मात्र पिच्छा सोडला नाही, का ते कळल्याशिवाय मला पुढे जाताच येत नाही. शेवटी कारण सापडलं ते मलाच. तूर पाखडताना मी सुपातल्या चाळीस दाण्यांच्या पाच-पाचच्या आठ ओळी मांडल्या. एकावर शून्यं देत एक्केचाळीसानं भागत गेलं की बाकी येते दहा, मग अठरा, मग सोळा, मग सदतीस, आणि परत एक. पाचांचं एक कडं झालं. दोनापासून सुरुवात करा, परत पाचांचं कडं. एक ते चाळीस यातली प्रत्येक बाकी कुठल्या ना कुठल्या कड्यात बसते, एकही बाहेर राहत नाही. म्हणून चाळीसाला पाचानं भाग जातो. तसंच अकरा एकांचा कुठलाही तुकडा घ्या, त्याच्या बाक्यांची अकरा-अकराची कडी होणार. जिजी ते सूप दोन्ही हातांनी धरून ओट्यावर घेऊन गेल्या, दाणा हलू न देता. संध्याकाळपर्यंत सूप परत आलं नाही. आलं तेव्हा जिजींनी एवढंच सांगितलं, "त्या म्हनतस, मास्तर कोन शे तेच समजत नही." आबा, मला तुमच्याकडून पुष्कळ मिळालं, पण ते वाक्य मी कुणाला देणार नाही.

जिजींनी ओझं नाकारल्यावर आपण तापीवर गेलो. लढाई लागल्यापासून कागद मिळेनासा झाला होता, वाळूला मात्र तोटा नव्हता. तुमचा नेमच होता, पहाटे नदीवर आंघोळ आणि आंघोळीनंतर एक भागाकार. एकच. दुसरा करायचा नाही, घाई केली की हातचे सुटतात असं तुमचं म्हणणं. घाटाच्या खाली काळ्या खडकाजवळ तुम्ही काडीनं आकडे काढून जायचात, मी पाण्याला गेले की शेजारी बसून तोच भागाकार पुन्हा करायचे. बाकी जुळली तर मी खाली एक रेघ ओढायचे. नाही जुळली तर वर्तुळ. दुसऱ्या दिवशी तुम्ही वर्तुळ पाहून आधी तो भागाकार पुन्हा करायचात आणि मगच पुढचा. बायका मला म्हणायच्या, सासऱ्यानं वाळूत काय लिहिलंय, मंत्र की काय. मी म्हणायचे, मंत्रच आहे. पावसाळ्यात तापी सगळं धुऊन न्यायची आणि आपलं काम दिवाळीपर्यंत बंद पडायचं. माझी बाळंतपणं झाली तेव्हाही बंद पडलं. पण आपण सोडलं नाही. वाळूत पडलेले तुमचे शेवटचे आकडे पाहिले तेव्हा आपण एकोणीस हजारांच्या घरात आलो होतो आणि तुम्ही दिवसेंदिवस जास्त खूश वाटत होतात. तुमच्या बाजूनं चाललं होतं सगळं.

मग पौषात तुमची छाती भरली. शेवटी शेवटी घरातली पुरुष माणसं शेतावर आणि वैद्याकडे गेली की तुमच्या खाटेशी मी आणि जिजीच असायचो. रीत तेव्हा कुणी पाळत नव्हतं, पाणी पाजायला माणूस लागतंच. तुम्ही डोळे उघडून दाराकडे पाहायचात. जिजींनी मला कोपरानं ढोसलं.

"आते बोल, वहू. कोनी काही म्हननार नही."

मी बोलले नाही. लोक म्हणतील सून कठोर, म्हणू देत. आकडा तुटला असं खोटंच सांगून तुमचं मन राखता आलं असतं, पण तुम्ही लगेच विचारलं असतं, कशानं? आणि दुसरं काही बोलायचं तर त्यासाठी अट मोडावी लागली असती. तुमच्याशी माझं पहिलं वाक्य खोटं किंवा फुकटचं असावं हे मला पटलं नाही, आजही पटत नाही. मी तुमची जुनी धूळपाटी काढली, ती शाळेतली फळी, तिच्यावर बारीक धूळ पसरली आणि त्या दिवसाचा भागाकार बोटानं करून तुमच्यासमोर धरला. तुम्ही वाचलात. खूप वेळ वाचलात. मग तुमचा हात वर आला, मधला एक सात तुम्ही पुसलात आणि तिथे आठ काढलात. वजाबाकीत मी हातचा विसरले होते. त्या अवस्थेतही माझी चूक तुमच्या नजरेतून सुटली नाही, याचा मला राग आला आणि त्याच वेळी रडूही आलं. मी भागाकार सुधारला, बाकी उरली, भाग गेला नाही. तुम्ही तर्जनी पुढे केलीत. पुढचा कर, असं. आपलं शेवटचं बोलणं तेच.

तुम्ही गेल्यावर चिरंजीव मला म्हणाले, "आते बस कर ते. आबाच नही शेत, कोनसाठे?" ते वाईट मनानं म्हणाले नाहीत, त्यांना ती पाटी बघवत नव्हती. मी दुसऱ्या दिवशी पाटी पुढे ओढली. सुतकात देवाचं काही करायचं नसतं, गणिताला सुतक नसतं. जिजी माझ्याजवळ येऊन बसल्या.

"आते कोनले सांगशी, वहू?"

हे मात्र लागलं. आकडा उद्या तुटला तरी ओट्यावर ऐकायला कुणी नाही. नाही तुटला, एक लाख पाच हजारांपर्यंत कुठेच नाही तुटला, तरी तुम्ही जिंकलात हे सांगायला कुणी नाही. मग करायचं कशाला? पण तुमची तर्जनी माझ्या डोळ्यांसमोरून हलत नव्हती. पुढचा कर, म्हणाला होतात. कुणासाठी कर ते म्हणाला नव्हतात. मी पदरानं डोळे पुसले आणि पुढचा केला.

दिवसाला एकच. हातात वेळ होता, दिवसाला चार झाले असते, पण नेम तुमचा होता आणि तो मोडायचा अधिकार मला नव्हता. आणि शेजारी तपासायला आता कुणी नव्हतं म्हणून प्रत्येक भागाकार मीच दोनदा करत होते. एकदा माझा म्हणून, एकदा तुमचा म्हणून. तुमच्या वाटचा करताना तुमच्यासारखा पाच काढायचे, वरची दांडी लांब ओढून. सुतक फिटल्यावर पुन्हा नदीवर जायला लागले.

आज सकाळी नेहमीसारखीच बसले. कोणत्या संख्येनं भाग देत होते ते इथे लिहीत नाही, ते लिहायचं नाहीच, तोंडानंच सांगायचं आहे. पहिले सहा एक घेतले, पाचाचा भाग गेला. मग एकाचा, मग तीनाचा, दोनाचा, पुन्हा तीनाचा. शेवटचा एक खाली उतरवला आणि समोर आले एक लाख चौऱ्याण्णव हजार आठशे एक्केचाळीस. बाजूला मी त्या संख्येचा पाढा मांडून ठेवते, नऊपर्यंत. नवाच्या समोर पाहिलं तर तिथे एक लाख चौऱ्याण्णव हजार आठशे एक्केचाळीस. वर तेच, खाली तेच. मी एकेक आकडा बोट ठेवून जुळवला. मग सगळं पुसून टाकलं, कारण मला माझा भरवसा नाही, हातचे सुटतात. पुन्हा केलं. मग उलटा गुणाकार केला आणि एकाशेजारी एक, एकाशेजारी एक असे अकरा एक वाळूत उतरत गेले. माझा घडा कलंडून पाणी वाहून गेलं तेही मला कळलं नाही.

आबा, मी जिंकले आणि मला ते मुळीच आवडलं नाही. वाळूत बसून मी मोठ्यानं रडले, शेजारच्या बायकांना वाटलं सासऱ्याची आठवण आली. खरंच आली होती. आणि गंमत बघा, ती संख्या तुमच्या त्या चुकीच्या तेहतीस हजारांच्याही आतच निघाली. डावीकडून जोड्या पाडल्या असत्या तरी काही बिघडलं नसतं. माझ्या त्या पहिल्या शहाणपणाची गरजच नव्हती. पण मी तोंड उघडलं नसतं तर तुम्ही "कोन म्हनं" असं विचारलं नसतं.

आणखी एक सांगायचं आहे, ते तुम्हाला आवडेल. आकडा तुटून त्याचे दोन तुकडे झाले. घरी येताना वाटेत मी विचार केला, हे तुकडे पुढे तुटतात का? धाकटा तुटला असता तर त्याचा तुकडा मूळ आकड्याचाही तुकडा ठरला असता, आणि तो आपल्याला कधीच सापडला असता. थोरला तुटला असता तर त्याचा लहान तुकडा सातशे सोळाच्या आतच असता, आणि सातशे सोळाच्या आतल्या सगळ्या संख्या जिजींनी अंगणातून ने-आण केलेल्याच आहेत. म्हणजे दोन्ही तुकडे तुटत नाहीत, कशानंही नाही. हे सिद्ध करायला मला नवा एकही भागाकार करावा लागला नाही. आपण दोघांनी ते केलेले होते. तुम्हाला न तुटणारं काहीतरी हवं होतं ना? एकाच्या जागी दोन मिळाले.

घरी येऊन मी जिजींना सांगितलं, आकडा तुटला. त्या पाट्यावर मिरची वाटत होत्या, हात थांबला. मी म्हटलं, जिजी, बाहेर जाऊन घोंगडीजवळ सांगून या, तुमच्या तोंडून गेलं तरी चालेल. हजाराच्या वरचा आकडा आहे, पण एकदा न्या. एवढं बोलले आणि लगेच कळलं की मी भ्याले आहे. जिजींनी हात धुतले.

"मी कितला दिन निरोप पोचाडू?" त्या म्हणाल्या. "आते मी मधमा नही. त्यास्नी तुले सांगेल व्हतं. तूच सांग."

मी म्हटलं, बाहेर पाहुणे बसले आहेत.

"बसू दे. त्यास्ले बी आयकू दे."

चिरंजिवांच्या कानावर मी आधीच घातलं. ते बाहेर जाऊन घोंगडी झटकून नीट अंथरून आले. माझ्याकडे न बघता गेले, पण केलं. तुमचाच मुलगा.

पुढचंही सांगून ठेवते, म्हणजे बाहेर बोलायला एकच गोष्ट उरेल. तेरा एक त्रेपन्नानंच तुटतात, ते मी आत्ता पाटीवर पाहिलं. सतरांचं काही कळत नाही, खूप लांबचं काम आहे. एकोणीस एकांना मात्र मी उद्यापासून हात घालणार आहे आणि त्यात मी तुमची बाजू घेणार आहे. ते तुटणार नाहीत असं मी म्हणते. माझ्या हयातीत ते पुरं होणार नाही हे मला दिसतं आहे, पण तुमच्या धाकट्या नातीला मी कालपासून भागाकार शिकवायला घेतलं आहे आणि ती माझ्याहून भांडखोर आहे. नेम तोच राहील, आंघोळीनंतर एक. तिच्या लग्नात मी एकच अट घालणार आहे, की जिथे जाईल तिथे तिला बोलू दिलं पाहिजे.

जिजी उंबऱ्यात जाऊन बसल्या आहेत आणि माझ्यासाठी जागा ठेवून एका बाजूला सरकल्या आहेत. बाहेरचं बोलणं थांबलं आहे, म्हणजे त्यांनी काहीतरी सांगितलं असावं. मी उठले आहे. पदर डोक्यावर राहील, तोंडावर राहणार नाही.

आबा, मी आले आहे. तोंड फिरवू नका. आकडा तुटला. एकवीस हजार सहाशे एकोणपन्नास.